मुलांस महाराष्ट्राचा भूगोल कसा शिकवावा?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम, एवढ्याच शिदोरीवर प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा एखादा मोठा तात्त्विक विषय न घेता, ज्यात थोडाफार अनुभव आहे त्याविषयीच बोलावे असे ठरविले. तो विषय म्हणजे आपल्या मुलांना आपल्या राज्याचा भूगोल आणि आपली राजधानी कशी शिकवावी, हा होय. विषय तिसरी-चौथीचा आहे खरा, परंतु तो मुलांपेक्षा पालकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. कारण हा भूगोल शाळेपेक्षा घरात अधिक चांगला शिकविता येतो, अशी आमची खात्री झाली आहे.

“महाराष्ट्राची राजधानी कोणती?” असा प्रश्न येथे बसलेल्या कोणत्याही मुलास विचारावा. “मुंबई” हे उत्तर तात्काळ मिळेल आणि परीक्षेत त्यास गुणही मिळेल. पण “मुंबईच का?” असे पुढे विचारले की मुले गप्प बसतात. जिल्ह्यांचेही तसेच. छत्तीस जिल्ह्यांची नावे एका दमात म्हणून दाखविणारी मुले आम्ही शेकड्यांनी पाहिली. त्यांतील एकास आम्ही विचारले, “बाळ, गडचिरोली कोठे आहे?” त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “यादीत शेवटी.” मुलाचा यात काही दोष नव्हता. त्यास यादी दिली होती, त्याने यादी पाठ केली. प्रदेश त्यास कोणी दाखविलाच नव्हता.

आपल्या संस्थेपुरता विचार केला तर या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. आपली काही कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे स्थायिक झाली आहेत आणि काही अद्याप गावी, तालुक्याच्या ठिकाणी आहेत. मुंबईच्या मुलास गाव म्हणजे सुट्टीत आंबे खावयास जाण्याची जागा वाटते. गावच्या मुलास मुंबई म्हणजे काका राहतात ते ठिकाण आणि चित्रपटातील उंच इमारती. एक मूल दुसऱ्यास अडाणी समजते, दुसरे पहिल्याचा हेवा करते. दोघांच्या हाती एकच पुस्तक असते, आणि तरीही दोघांचा महाराष्ट्र निराळा असतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, राजधानी आणि जिल्हे हे दोन निराळे धडे नाहीत. जिल्हे समजले तरच राजधानी समजते आणि राजधानीकडे नीट पाहिले तर सर्व जिल्हे त्यात दिसतात. हे दोन्ही जोडून शिकविले म्हणजे भूगोल पाठ करावा लागत नाही.

प्रारंभ घरापासून करावा. मुलास अंगणात किंवा गच्चीवर सकाळी उभे करून चार दिशा दाखवाव्यात. पावसाळ्यात दारापुढचे पाणी कोठे वाहत जाते हे त्यास पाहू द्यावे. ते पाणी गटारातून ओढ्यास, ओढ्यातून नदीस आणि नदीतून कोणत्या समुद्रास मिळते, एवढे एकच उत्तर त्याने शोधावे. ज्या मुलास आपल्या दारचे पाणी अरबी समुद्रास जाते की बंगालच्या उपसागरास, हे कळले, त्यास महाराष्ट्राचा निम्मा भूगोल कळला असे समजावे.

हे सांगण्यास त्र्यंबकेश्वराचे उदाहरण फार उपयोगी पडते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. पण तेथे उगम पावणारी गोदावरी त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच डोंगराळ मुलखात वैतरणा उगम पावते आणि ती मात्र पश्चिमेस उतरून अरबी समुद्रास जाते. असे का, हा प्रश्न मुलाने आपण होऊन विचारला पाहिजे. त्यासाठी आम्ही ओल्या मातीचा महाराष्ट्र करीत असू. शाळेच्या अंगणात मातीचा एक लांब बांध घालावयाचा. त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी आणि दुसरी लांबवर उतरत जाणारी ठेवावयाची. मग माथ्यावर तांब्याने पाणी ओतावयाचे. उभ्या बाजूचे पाणी धाडकन खाली येते, दुसऱ्या बाजूचे रमतगमत दूर जाते. सह्याद्री म्हणजे काय, कोकणच्या नद्या आखूड व वेगवान का आणि देशावरच्या नद्या लांब का, हे सांगण्यास मग पुस्तकाची आवश्यकता उरत नाही. तापी आणि नर्मदा या दोन नद्या मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, हा अपवादही मुले आवडीने लक्षात ठेवतात.

पर्वतामागोमाग पाऊस येतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर अडतात आणि तेथेच रिते होतात. पलीकडच्या मुलखास उरलेसुरले मिळते. याचे उत्तम उदाहरण एकट्या सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर असतो. जिल्हा एक, कलेक्टर एक, परंतु एकीकडे छपरास पावसाळ्यापूर्वी झापे बांधावी लागत आणि दुसरीकडे चारा छावणीची वाट पाहावी लागते. पुस्तकात याचे नाव ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे असते. मुलांस तो शब्द अवश्य शिकवावा. पण छाया म्हटली की सुखाची, असा त्यांचा समज होतो. ही छाया कोरडी आहे, हे त्यांस समजावून सांगावे.

येथपर्यंत आले म्हणजे आपण मुंबईच्या दाराशी आलो. कसे ते पाहा. माण-खटावच्या शेतकऱ्यास चार महिन्यांचे पीक बारा महिने पुरत नसे. कोकणात पाऊस उदंड, पण जमीन उताराची आणि तुकड्यातुकड्यांची. तेथील भातही वर्षभर पुरत नसे. दोन्हीकडची माणसे पोट भरण्यासाठी कोठे गेली? मुंबईस. सह्याद्रीच्या एका बाजूस पाऊस फार आणि दुसऱ्या बाजूस फार थोडा, परंतु दोन्ही वाटा गिरणगावात येऊन मिळाल्या.

गिरण्या तरी तेथे का निघाल्या? त्याचेही उत्तर नकाशातच आहे. मुंबईस खोल पाण्याचे सुरक्षित बंदर होते. खानदेश आणि वऱ्हाड या काळ्या जमिनीच्या मुलखात कापूस पिकत होता. त्या दोहोंमध्ये सह्याद्री उभा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरांची पहिली आगगाडी धावली. पुढील वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा उपक्रम हाती घेतला. १८६३ मध्ये बोर घाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली. ते बोगदे खणताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मेले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तेथील कापूस विलायतेस जाणे थांबले आणि आमच्या कापसास अतोनात भाव आला. याप्रमाणे बंदर, काळी जमीन, घाट आणि दुष्काळ या चार गोष्टींनी मिळून मुंबई उभारली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते गिरण्यांचे युग मावळले. आज त्या जागी काचेच्या इमारती आहेत. म्हणूनच तेथे पूर्वी काय होते आणि तेथे राबणारे कोठून आले होते, हे मुलांस सांगणे अधिक अगत्याचे झाले आहे.

शहरातील काही मुले ‘घाटी’ हा शब्द एकमेकांस चिडविण्यासाठी वापरतात, हे आपण ऐकले असेल. घाट उतरून आलेला तो घाटी, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलास कसारा, बोर, कुंभार्ली, आंबा, फोंडा आणि आंबोली हे घाट नकाशावर दाखविता येतात आणि त्या वाटांनी डोक्यावर वळकटी घेऊन कोण खाली उतरले हे ठाऊक आहे, ते मूल हा शब्द शिवीसारखा वापरणार नाही. भूगोलाच्या शिक्षणाने स्वभावास वळण लागते ते असे.

आता राजधानीच्या पोटात शिरू. मुंबई ही मूळची सात बेटे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगीजांनी ती इंग्रज राजास दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती सालिना दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिली. पुढे भराव घालघालून बेटांचे एक शहर झाले. मुंबईची मुले ज्या जमिनीवरून शाळेत जातात तीपैकी बरीचशी एके काळी समुद्राखाली होती, हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात.

परंतु याहून मोठा धडा घरातल्या नळात आहे. मुंबईस सात जलाशयांतून पाणी येते. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा. यांपैकी विहार व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत आणि त्यांचे पाणी अगदी थोडे आहे. बाकीचे सर्व पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांतील डोंगरांतून येते. त्र्यंबकच्या मुलखातून पश्चिमेस उतरणारी वैतरणा आम्ही मघाशी सांगितली, तीच ही. दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहरास पुरविले जाते आणि त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणाचे असते. हे धरण शहापूर तालुक्यात आहे. तानसाही त्याच तालुक्यात आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. आम्ही हे कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. एवढ्या मोठ्या शहरास पाणी पाहिजेच. परंतु दात घासताना नळ मोकळा सोडणाऱ्या मुलास ‘पाणी वाचवा’ अशी पाटी दाखविण्यापेक्षा नकाशावर शहापूर दाखवावे. आमच्या मते तो नळ लवकर बंद होईल.

विजेचीही कथा तशीच. मावळात मुळेवर टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. धरण झाले. जे पाणी भीमेकडे, म्हणजे पूर्वेस जावयाचे, ते सह्याद्रीतून पश्चिमेस वळवून कोकणात भिरा येथे सोडण्यात आले आणि त्यावर उत्पन्न झालेली वीज मुंबईस गेली. मुंबई उजळली, त्यासाठी मावळातील गावे पाण्याखाली गेली. मुंबईच्या मुलास हे ठाऊक हवे. आणि मावळच्या मुलासही हे ठाऊक हवे की, राजधानीवर आपला हक्क आहे, तो कोणी उपकार म्हणून दिलेला नाही.

राजधानीचा हा हक्क सहजासहजी मिळाला नाही. आज नांदेडच्या मुलाची राजधानी मुंबई आहे. त्याच्या पणजोबांची राजधानी हैदराबाद होती, कारण मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. नागपूरच्या मुलाच्या पणजोबांस राजधानीसाठी घराबाहेरही पडावे लागत नसे, कारण १९५६ पर्यंत नागपूर हीच त्यांच्या प्रांताची राजधानी होती. मराठी बोलणारे तीन राज्यव्यवस्थांत विभागले होते. त्यांस एकत्र आणावे आणि मुंबई त्यांस मिळावी, यासाठी चळवळ झाली. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत आणि एकंदर आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पुढारी नव्हते. गिरणी कामगार, विद्यार्थी, साधी माणसे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक राज्य झाले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पुतळा आहे. मुलांस मुंबई दाखवावयास नेताना राणीचा बाग आणि चौपाटी यांबरोबर तेथेही न्यावे, आणि शेतकरी व कामगार दोघेही एकाच मशालीस हात का लावून उभे आहेत, हे विचारावे. आतापर्यंत सांगितलेला भूगोल ज्यास समजला आहे, ते मूल उत्तर देईल.

विदर्भाने आपली राजधानी सोडली, याची आठवण म्हणून १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास होते. ‘उपराजधानी’ हा शब्द शिकविताना एवढे सांगितले तरी पुरे. राज्य पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर पसरलेले आहे. पूर्व टोकाच्या माणसास राजधानी किती दूर वाटते, याचा विचार पश्चिमेच्या मुलाने करावयास हवा. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो दहा जिल्ह्यांतून जातो. ते जिल्हे क्रमाने ओळखण्याचा खेळ घरी अवश्य खेळावा. अंतर घटले आहे. ओळख वाढविणे आपल्या हाती आहे.

आता घरी करण्याजोग्या चार गोष्टी सांगतो आणि आपली रजा घेतो.

पहिली गोष्ट स्वयंपाकघराची. भगिनींनी महिन्याचे सामान भरताना मुलास जवळ बसवावे. केळी जळगावची, द्राक्षे नाशिकची, संत्री नागपूरची, मोसंबी जालन्याची, ज्वारी मंगळवेढ्याची, तूरडाळ लातूरची, हळद सांगलीच्या पेठेतली किंवा वसमतची, गूळ कोल्हापूरचा, चिकू घोलवडचा, तांदूळ भंडाऱ्याचा. प्रत्येक जिन्नस नकाशावर दाखवावयास सांगावे. जेवणाचे ताट हाही एक नकाशा आहे, आणि तो रोज दोनदा मुलापुढे येतो.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या नकाशाची. भ्रमणध्वनीवरील नकाशा उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु तो वळण दाखवितो, मुलूख दाखवीत नाही. घरात महाराष्ट्राचा एक मोठा नकाशा टांगलेला असावा. तो नवा असावा. राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते. सिंधुदुर्ग व जालना यांपासून २०१४ च्या पालघरपर्यंत दहांची भर पडून ते ३६ झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आजोबांनी जुनी नावे सांगावीत, नातवाने नवी सांगावीत. दोघांचीही उजळणी होईल.

तिसरी गोष्ट एस. टी.ची. स्थानकावर गाडीची वाट पाहताना मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देण्याऐवजी त्यास पाट्या वाचावयास लावाव्यात. ही गाडी कोणत्या जिल्ह्यात जाईल, कोणती नदी ओलांडील, घाट चढेल की उतरेल, असे विचारावे. यास पैसा लागत नाही.

चौथी गोष्ट आपल्या संस्थेची. आपली सभासद-सूची प्रत्येक घरी आहे. लग्नाच्या स्थळांसाठी आपण ती काढतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो. वस्तुतः ती सूची म्हणजे महाराष्ट्राचा एक भूगोलच आहे, कारण त्यातील प्रत्येक पत्त्यावर आपल्या मुलास हक्काने पाटावर बसविणारे कोणीतरी आहे. मे महिन्यात मुंबईच्या दोन मुलांनी गावाकडच्या एका घरी आठ दिवस राहावे आणि दिवाळीत त्या घरच्या दोन मुलांनी मुंबईस यावे. खर्च प्रवासभाड्याचा. कार्यकारी मंडळाने अशा घरांची जोडी लावून देण्याचे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ही देवघेव आपल्या ज्ञातीपासून सुरू व्हावी, पण ज्ञातीपाशी थांबू नये. पाहुणा म्हणून गेलेल्या मुलाने त्या गावची विहीर, शाळा, बाजार आणि सर्व आळ्यांतील माणसे पाहावीत. नदी कोणत्या आळीचे पाणी घ्यावयाचे ते निवडीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुम्हांस गुणांबद्दल पारितोषिके मिळाली, ती तुम्ही कष्टाने मिळविली आहेत. त्यांबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यातील दर नऊ माणसांमागे एक मुंबईत राहत होता. तुमच्यापैकी कित्येकजण पुढेमागे तेथे शिकावयास, नोकरीस जातील. काहीजण मंत्रालयात किंवा न्यायालयात अधिकाराच्या जागी बसतील. त्या वेळी समोर एखादा कागद येईल आणि त्यावर एखाद्या लांबच्या तालुक्याचे नाव असेल. ते नाव वाचताच तेथला पाऊस, तेथली जमीन, तेथली पायवाट तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहावी, एवढ्यासाठी आम्ही हा भूगोलाचा आग्रह धरतो.